दुसरी घागर

गेममधल्या माणसांना चालवणं हे माझं काम. आकृती कोणी दुसरा काढतो, कपडे कोणी तिसरा चढवतो. माझ्याकडे येते तेव्हा ती नुसती उभी असते. तिचा पाय जमिनीला कधी टेकावा, चढावर अंग किती पुढं झुकावं, ओझं असलं तर मान कशी राहावी, हे सांगणारा प्रोग्राम मी लिहितो. काम नीट झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं तर शाळकरी पोरही सांगतं, की हा माणूस चालत नाहीये, घसरतोय.

उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. तुमचा पंचाक्षरी पुण्यात काय करतो असं गिऱ्हाइकानं विचारलं, की माझे वडील, अप्पा, सांगायचे, "कंप्युटरमध्ये हाय." त्यापुढं विचारलं तर तराजू पुसायला घ्यायचे. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत दोन वर्षं राहूनही मी डॉक्टर झालो नाही, इंजिनिअर झालो, आणि इंजिनिअर होऊन गेम बनवायला गेलो. हे कुणाला समजावून सांगावं असं त्यांना वाटत नसावं.

ही २०१६ च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. पुण्यात आम्ही अकरा जण होतो. आमच्या टीमचा लीड भुजंग देगलूरचा. आठ वर्षं त्यानं परदेशी गेमांसाठी पाऊस पाडला होता, गर्दी पळवली होती, आणि त्यांतल्या एकाही गेमच्या शेवटी त्याचं नाव आलं नव्हतं. आता पहिल्यांदा आमचा स्वतःचा गेम होत होता. त्यात लढाई नव्हती. कोरड्या मुलखातली एक बाई लांबच्या विहिरीवरून पाणी आणते, एवढंच. खेळणाऱ्यानं तिला चालवायचं, पाणी सांडू द्यायचं नाही. बाहेरच्या एका कंपनीला ही कल्पना आवडली होती. महिनाअखेर पहिला टप्पा त्यांना दाखवायचा होता. नापसंत पडला तर आम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या गेमांतली झाडं हलवत बसणार होतो.

बाईच्या चालीसाठी आम्ही पुण्यातल्या एका नटीला सेन्सरचा पोशाख घालून, डोक्यावर थर्माकोलची भांडी देऊन चालवलं होतं. भुजंगनं ते तीनदा पाहिलं.

"ही पाणी नेत नाही, पंचू," तो म्हणाला, "भांडं नेतीय. तू तुझ्या गावाकडं जा. खरी बाई बघ."

सेन्सर घेऊन मी उदगीरला आलो. सतरा छोट्या डब्या असतात त्या, काडेपेटीएवढ्या. पट्ट्यांनी हातापायांना, पाठीला, कपाळाला बांधायच्या. कॅमेरा लागत नाही. शिवाय चपलेत घालायचे दोन पातळ तळवे, पायावर किती वजन येतं ते मोजणारे. सगळं कमरेच्या डबीत साठतं, नंतर लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं.

बसस्टँडसमोर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा फलक लागला होता, उन्हानं त्याचा लाल रंग गुलाबी झाला होता. दुकानात अप्पांनी पुढच्या फळीवर रंगीत प्लास्टिकच्या घागरी टांगल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी प्लास्टिकला दुकानात घेतलं नव्हतं.

"काय करू," ते म्हणाले. "लांबून आणायचं तर बायका हलकं मागतेत."

आईची चुलत बहीण शिवकांता मावशी बोरवंडीला दिलेली. उदगीरपासून चौदा किलोमीटर, पुढं लगेच कर्नाटक लागतं. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक. दुष्काळामुळं नवरा आणि मुलगा दोघंही हैदराबादला कामाला गेलेले. घरी मावशी, सात महिन्यांची गरोदर सून रुद्राणी आणि थोरले दीर मडिवाळप्पा काका. मी काय मागायला आलोय ते मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे मी चालायचं, आन् तू माझं चालणं घेऊन जाणार?" मावशी म्हणाली.

"हो."

"घेऊन जा की. चालणं काय, लई हाय माझ्याकडं."

गावात सकाळी टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. तेव्हा विहिरीवर नुसता गोंधळ. पण मावशी त्या वेळी जात नसे. ती जायची दुपारी दोन वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना. विहिरीच्या तळाला हात-दीड हात पाणी उरलेलं असे, ते ती शेंदून आणायची.

"उन्हात कशाला जातेस?" मी विचारलं.

"तवा गर्दी नसती."

रुद्राणीनं आतल्या खोलीत तिला पट्ट्या बांधल्या. मनगटावरची डबी बांगड्यांनी हलायला लागली, म्हणून बांगड्या काढाव्या लागल्या. मावशीनं त्या भिंतीतल्या देवळीत ठेवल्या आणि रिकाम्या हातांकडं बघत म्हणाली, "कसंतरीच दिसतंय." मग स्टीलचा हंडा, त्यावर घागर आणि चुंबळ घेऊन निघाली.

विहीर घरापासून सातशे पावलांवर होती. मी तिच्यामागं एका कडुलिंबाच्या झाडापर्यंत गेलो. तिथून पुढं तिनं येऊ दिलं नाही. बाया पाणी शेंदतात तिथं गडीमाणसानं उभं राहू नये, असं ती म्हणाली. लिंबापासून विहिरीचा कठडा दिसतो, पण मधल्या घाणेरीच्या जाळीमुळं तिथलं माणूस दिसत नाही. मी सावलीत बसून राहिलो. पाऊण तासानं ती आली. डोक्यावर हंडा, हंड्यावर घागर, दोन्ही काठोकाठ भरलेली. मान स्थिर, कमरेखाली सगळं हलतंय आणि वर काहीच हलत नाही. भुजंगला हवी होती ती हीच चाल.

घरी आल्यावर रुद्राणीनं वरची घागर उतरवून घेतली. ते बघताना मला सहज वाटलं म्हणून मी विचारलं, "मावशी, विहिरीवर तू एकटीच. मग ही वर कोण चढवून देतं?"

हंडा डोक्यावर असताना बाईला वाकता येत नाही, दुसरी घागर स्वतःच्या हातानं त्याच्यावर ठेवता येत नाही. दुकानदाराच्या पोराला एवढं कळतं.

"चढती," मावशी म्हणाली आणि आत गेली.

आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून मी ते सगळं लॅपटॉपवर उतरवलं. पडद्यावर कपडे, चेहरा काही दिसत नाही. काड्यांची एक आकृती दिसते आणि तिच्याखाली पायांवरच्या वजनाची रेघ सरकत जाते. चाल सुरेख होती. एका पावलाचीही दुरुस्ती लागणार नव्हती. मग मी सुरुवातीकडं गेलो, विहिरीवरच्या भागाकडं.

मावशीचं वजन शेहेचाळीस किलो. भरलेला हंडा तिनं गुडघ्यावर घेऊन डोक्यावर चढवला, तेव्हा रेघ साठावर गेली. मग कठड्यावरची घागर तिनं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. रेघ एकाहत्तर. इथपर्यंत बरोबर होतं.

त्यानंतर तिनं हात सोडले. रेघ पुन्हा साठावर आली. तशीच राहिली. मग हंड्याच्या वर काहीतरी टेकल्यासारखी मान किंचित दबली आणि रेघ परत एकाहत्तरवर गेली.

मधला वेळ एक सेकंद आणि चार दशांश होता. तेवढा वेळ अकरा किलोची घागर मावशीच्या अंगावर नव्हती. खाली किंवा परत कठड्यावर ठेवलेलीही नव्हती, कारण ती वाकली नव्हती आणि तिचे हात छातीखाली गेले नव्हते. त्या वेळात आकृतीचा डावा हात खांद्याकडं जात होता. मी चार वेळा पाहिलं. ती पदर सावरत होती.

सेन्सर कधी कधी चुकतात. उन्हानं तापले तर हमखास चुकतात. दुसऱ्या दिवशी मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून नेले, बांधण्याआधी दोनदा तपासले. मावशी दोन वाजता गेली, पाऊण तासानं आली. संध्याकाळी पाहिलं. साठ, एकाहत्तर, साठ, एकाहत्तर. एक सेकंद आणि चार दशांश. तिसऱ्या दिवशी तेच. आणखी एक गोष्ट तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आली. घागर सोडताना तिची मान किंचित वर व्हायची, उजवीकडं. डोक्यावर हंडा असलेली बाई मान हलवत नाही. पण आपल्याहून वीतभर उंच माणसाच्या तोंडाकडं बघायचं असेल, तर जितकी हलवावी लागेल तितकीच ती हलत होती.

रविवारी दुकान बंद होतं. मी स्वतः तळवे पायात घातले, मागच्या चौकात डोक्यावर भरलेला हंडा घेतला आणि अप्पांना म्हणालो, "ही घागर माझ्या हातातनं घ्या आणि वर ठेवा."

"कशापायी?"

"काम आहे."

अप्पांनी घागर घेतली, वर ठेवली. पाणी माझ्या मानेवर सांडलं. वर जाऊन मी रेघ पाहिली. माझं वजन जास्त होतं, आकडे वेगळे होते. पण रेघेचा आकार तोच होता. चढ, उतार, थोडा वेळ सपाट, पुन्हा चढ. दोन्ही रेघा मी एकावर एक ठेवल्या. अप्पांना थोडा कमी वेळ लागला होता, बाकी फरक नव्हता.

सोमवारी बोरवंडीला गेलो तेव्हा आधी रुद्राणीला विचारलं, की तू विहिरीवर जातेस का. ती हसली. "मला उंबऱ्याभाईर जाऊ देत न्हाईत आत्याबाई."

मडिवाळप्पा काका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी शेजारी बसलो. दुपारी पाण्याला जायची मावशीची सवय जुनी आहे का, असं मी विचारलं.

"तिची न्हाई ती सवय. गुरम्माची," काका म्हणाले.

गुरम्मा म्हणजे त्यांची बायको, मावशीची थोरली जाऊ. ती गेली एवढं मला आईकडून कळलं होतं, पण कधी आणि कशानं हे मी विचारलं नव्हतं.

"छत्तीस वर्षं दोघी जोडीनं पाण्याला गेल्या," काका सांगू लागले. "गुरम्माला गर्दी सोसायची न्हाई. म्हणून दुपारी. शिवकांता लग्न होऊन आली तवा लहान होती, डोईवर हंडा धरता येईना. गुरम्मानंच शिकवलं. ही अक्का अक्का करत तिच्या मागं मागं." तंबाखू त्यांच्या तळहातावर तशीच राहिली होती. "यंदा माघात ताप आला. तीन दिवस. उदगीरला न्यायचं म्हणलं, तर उद्या बघू म्हणली. आपल्या रानाच्या पट्टीतच बसवली तिला, विहिरीच्या वाटंवर."

आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, बसवून पुरतात. येताजाताना बांधाच्या कडेला मातीचा ताजा उंचवटा मी पाहिला होता.

"शिवकांता रडली न्हाई," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी हंडा-घागर घेऊन निघाली. मी म्हणलो, एकटी कशी चढवशील? काय बोलली न्हाई."

"काकी उंच होत्या का?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "दारातनं वाकून यायची. तुला काय ठाव?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

त्याच रात्री मी फाइल भुजंगला पाठवली. सकाळी त्याचा फोन आला. इतक्या खुशीत मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. चाल पाहून ऑफिसात कोणी बोललंच नाही म्हणाला. मग म्हणाला, "फक्त सुरुवातीचं उचलणं दुरुस्त कर. तिथं तिला कुणीतरी मदत करतंय, स्पष्ट दिसतंय. आपली बाई एकटी आहे ना गेममध्ये."

"तिथं कुणी नव्हतं, भुजंग."

"मग सेन्सर गंडलाय. हातानं कर. गुरुवारी बाहेरच्यांना दाखवायचंय."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या नोकरीतला अर्धा वेळ यातच जातो. कच्च्या नोंदीत धक्के असतात, खोट्या हालचाली असतात, त्या पुसायच्या असतात. दोन दिवस मी वरच्या खोलीतून हललो नाही. मावशीचा डावा हात पदरावरून काढला. दोन्ही हात घागरीखाली आणले, कोपर ताणले, घागर तिच्याच हातांनी वर नेली. मान सरळ केली. सपाट रेघ भरून काढली. नंतर मी ते चालवून पाहिलं. आता ती कुणाकडंही बघत नव्हती. खरं म्हणजे माणसाच्या हाताला ते जमणारं नव्हतं, पण पडद्यावर पटत होतं. बुधवारी दुपारी दीड वाजता मी ती फाइल पुण्याला पाठवून दिली आणि झोपलो.

पाच वाजता रुद्राणीचा फोन आला.

"दादा, आत्याबाई आजून आल्या न्हाईत. थोरले मामंजी जाऊन आले. त्या विहिरीवरच बसल्यात, उठंनात. तुमाला बोलवायल्यात."

मी अप्पांची मोटारसायकल काढली. लिंबापाशी पोचलो आणि तिथं थांबलो नाही, सरळ विहिरीपर्यंत गेलो. मावशी कठड्याला टेकून खाली बसली होती. भरलेला हंडा एका बाजूला, भरलेली घागर दुसऱ्या बाजूला. साडी पुढून ओली होती आणि भोवतालची जमीनही. किती वेळा सांडलं आणि किती वेळा परत शेंदलं कोण जाणे. तळहात दोरानं सोलवटले होते.

"आज चढली न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"हात वर नेले. वर कुणी घेईना. धा बारा येळा नेले." तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. बस चुकलेल्या माणसासारखी ती सांगत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "त्या पट्ट्यांतनं काय नेलास रे पंचू?"

"काही नाही, मावशी. नुसती हालचाल असते ती. त्यातनं काही जात नाही."

"मग काय काढलास त्यातनं?"

ह्या बाईनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. फाइल म्हणजे काय, दुरुस्ती म्हणजे काय, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं आणि हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला. घागरही वर ठेवली. ती निघाली. सातशे पावलांत ती तीनदा थांबली आणि घरी पोचेपर्यंत घागर अर्धी झाली होती. वाटेत ती एकदाच बोलली.

"तुझा हात हलका हाय," ती म्हणाली. "पण त्यो तुझा हाय."

मी अंधश्रद्ध नाही. तेव्हा नव्हतो, आजही नाही. बुधवारी मी फाइल बदलली आणि बुधवारीच मावशीला घागर चढवता आली नाही, यात कार्यकारण काही सिद्ध होत नाही. दोन महिने जे तिनं कसंतरी जमवलं ते उन्हानं, अशक्तपणानं एक दिवस जमलं नाही, असंही म्हणता येतं. हे सगळं मी मोटारसायकलवर स्वतःला सांगत आलो. घरी येऊन वरच्या खोलीत गेलो, कच्ची नोंद काढली, माझी दुरुस्ती पुसली आणि एक सेकंद चार दशांश होते तसे परत जागेवर ठेवले. मग भुजंगला फोन केला.

"उचलणं मी मूळ ठेवतोय," मी म्हणालो.

"का?"

"कारण ती एकटी नाही."

मला वाटलं आता चिडेल. उद्याचा दिवस त्याच्या आठ वर्षांचा होता.

"माझी आई आणि मावशी जायच्या," तो म्हणाला. "देगलूरला, लेंडी नदीत झरे खणायला. आई गेल्यावर मावशीनं पाण्याला जाणं सोडून दिलं." मग म्हणाला, "पाठव तसंच. मी बघतो त्यांना काय सांगायचं ते."

गुरुवारी शेवटची नोंद घ्यायची म्हणून मी सेन्सर घेऊन बोरवंडीला गेलो. रुद्राणीनं पट्ट्या बांधल्या, बांगड्या देवळीत ठेवल्या. मावशीच्या तळहातांना हळद लावलेली होती. दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही निघालो. लिंबापाशी मी थांबायला लागलो, तर ती म्हणाली, "आज चल. पण बघू नको."

मी विहिरीपासून दहा-बारा पावलांवर पाठ करून उभा राहिलो. समोर बांध होता, त्याच्यावरचा उंचवटा होता, आणि त्यापलीकडं लांबपर्यंत काळी फुटलेली जमीन. वारा नव्हता.

मागं दोर सुटल्याचा आवाज आला. बादली तळाला लागली. कितीतरी वेळ दोर ओढत होती ती. मग हंड्यात पाणी पडलं. मग पुन्हा दोर.

घागर भरली.

हंडा चढवताना ती कण्हली. कठड्यावरून घागर उचलल्याचा स्टीलचा आवाज आला.

"हं," मावशी म्हणाली.

मी समोरच्या उंचवट्याकडं बघत राहिलो.

"हं." हा दुसरा हुंकार अधिक खालच्या पट्टीतला होता. आणि त्याच्याबरोबर बांगड्या वाजल्या. भरगच्च, काचेच्या, हात वर गेल्यावर कोपराकडं घसरतात तशा.

मी मागं वळलो नाही. वळायला हवं होतं का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की हे दोन बायकांचं आहे.

"चल," मावशी माझ्या शेजारून पुढं जात म्हणाली. हंड्यावर घागर होती, काठोकाठ. एक थेंब सांडला नव्हता. तिची दोन्ही मनगटं रिकामी होती.

बाहेरच्या कंपनीनं गुरुवारी पाहिलं, शनिवारी उत्तर आलं. 'विहिरीवरची उचलण्याची हालचाल विचित्र आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'आम्हाला कारण सांगता येत नाही, पण ती बदलू नका.' भुजंगनं मला त्या उत्तराचा फोटो पाठवला.

त्या वर्षी भादव्यात लातूर जिल्ह्यात इतकं पाणी झालं, की बोरवंडीचा ओढा दोन दिवस कोणाला ओलांडता आला नाही. विहीर वरपर्यंत भरली. रुद्राणीला मुलगी झाली. दिवाळीला मी गेलो तेव्हा मावशीचा नवरा आणि मुलगा नातीसाठी पाळणा आणायला उदगीरला गेले होते. घरात फराळाचा वास होता. मावशी अंगानं थोडी भरली होती.

"माझं चालणं नेलास," ती म्हणाली. "दाखवलास का कधी?"

खरंच दाखवलं नव्हतं. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. गेममधली साडीतली, चेहऱ्याची बाई अजून पुरी झाली नव्हती, म्हणून शेवटच्या दिवसाची मूळ नोंद लावली, काड्यांची. मावशी माझ्या उजवीकडं बसली. मडिवाळप्पा काका भिंतीला टेकून होते, ते चष्मा लावून पुढं सरकले. पडद्याच्या डाव्या कडेनं आकृती आली आणि डोक्यावर न दिसणारं ओझं घेऊन उजवीकडं चालू लागली.

मी सांगत होतो, की ही तू, हा तुझा खांदा, ही कंबर. मावशी मान हलवत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हिला हळू चाल म्हणावं रे. मागची दमती."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

काकांनी चष्मा नाकावर नीट केला. बराच वेळ ते पडद्याकडं बघत राहिले.

"लंगडायलीय आजून," ते म्हणाले.

"डावा पाय," मावशी म्हणाली. "त्यो दुखायचाच तिचा."

पडद्यावर एकच आकृती होती. मी वजनाची रेघ पाहिली, आकृत्यांची यादी उघडून पाहिली. यादीत एकच नाव होतं. मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला, तर काकांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. हलकेच, लहान मुलाला थांबवावं तशी.

मी हात मागं घेतला.

आकृती चालत चालत उजव्या कडेला पोचली आणि पडद्याबाहेर गेली. मागं नुसती रिकामी करडी जमीन उरली. मी त्या दोघांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांच्या नजरा अजून पडद्याच्या मध्यावर होत्या. तिथून त्या हळूहळू, दोघांच्या एकाच वेळी, थोड्या अडखळत उजवीकडं सरकत गेल्या आणि कडेपाशी जाऊन थांबल्या.